माळावर दोन फूट गाळ? आधी हिशेब करा

उन्हाळ्यात तलाव आटायला लागले की सोलापूरकडच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं असं: काळी जमीन म्हणजे सोनं, माळ नापीक. माळावर तलावातला गाळ दोन फूट पसरा आणि डाळिंबापासून उसापर्यंत काहीही घ्या. जमीन बिघडली तर जिप्सम मारा. आणि काळं रान पावसाळ्यात रिकामं ठेवू नका. यातलं एकेक वाक्य कुठल्या तरी रानात खरं आहे, सगळ्या रानांत नाही. रानाचा रंग पाहून पीक ठरत नाही, खोली आणि निचरा पाहून ठरतं.

«माळ नापीक असतो.»

मग सांगोल्याचं डाळिंब कशावर उभं राहिलं? मुरमाड, निचऱ्याच्या रानावरच. डाळिंबाचा बहार धरायचा, म्हणजे सगळं फूल एकाच वेळी आणायचं, तर आधी पाणी तोडून ताण द्यावा लागतो. हलक्या रानात चार-पाच आठवड्यांत पानं पिवळी पडतात, पानगळ नीट होते आणि पाणी सोडल्यावर फूल एकदम निघतं. भारी रानात खालची ओल हटत नाही, झाड हिरवंच राहतं, ताण अर्धवट बसतो. मग एकाच झाडावर लिंबाएवढी फळं आणि नवी कळी सोबत दिसतात. अशा बागेत फवारणी नेमकी कुणाला धरून करायची? हस्त बहाराला (पावसाळा सरताना फुलणाऱ्या) तर ऐन ताणाच्या दिवसांत पाऊस असतो. त्यात पाणी मुळाशी साचलं की मर रोग आलाच.

«गाळ दोन फूट टाका.»

एका एकरावर चार इंच गाळ म्हणजे साधारण १४५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दोन फूट म्हणजे ८७० ब्रासच्या आसपास. वाहतुकीचा खर्च ज्याचा त्याने काढावा. पण पैसे असले तरी हे करू नये. गाळ बारीक चिकणमातीचा, खालचा मुरूम भरड. चिकण थर पुरता तुंबल्याशिवाय पाणी मुरमात उतरतच नाही, त्यामुळे वर चिखल आणि खाली कोरडं अशी अवस्था होते. मुळं वरच्याच थरात फिरत राहतात आणि उन्हात तो थर भेगाळला की तुटतात.

गाळ चांगलाच आहे, पण दोन ते चार इंच. टाकण्याआधी त्याचा सामू (पीएच), क्षारता आणि चुनखडी तपासून घ्या. ढेकळं उन्हात तापू द्या, फोडा आणि पावसाआधी कुळवून मूळ मातीत मिसळा. नुसता पसरून ठेवलेला गाळ पहिल्या वळवाच्या पावसात बांधाकडे वाहून जातो. अशा रानात बाजरी, मटकी, हुलगा, तूर नक्की सुधारतात. ऊस मात्र डोक्यातून काढा.

«बिघडली तर जिप्सम.»

जिप्सम हे चोपण जमिनीचं औषध आहे: सामू ८.५ च्या वर, विनिमययुक्त (मातीच्या कणांना धरून बसलेला) सोडियम १५ टक्क्यांच्या वर. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांवरचा सोडियम सुटा करतं. पण तो सुटलेला सोडियम वाहून न्यायला चर नसेल तर सगळं जागच्या जागी राहतं. नुसत्या खारवट जमिनीला निचरा आणि गोडं पाणी लागतं. चुनखडीच्या जमिनीत तर कॅल्शियम आधीच भरपूर असतं. तिथे पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतो, ती लोहाची कमतरता. हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) तसंच मातीत टाकलं तर अडकून बसतं, शेणखतात मुरवून द्यावं.

«काळं रान पावसाळ्यात रिकामं ठेवू नका.»

मंगळवेढ्याची ज्वारी याच रिकाम्या ठेवलेल्या रानावर पिकते. या भागात जून-जुलैचा पाऊस लहरी, भरवसा सप्टेंबरचा. एक मीटर खोल काळ्या मातीत पिकाला घेता येईल असं १५० ते २०० मि.मी. पाणी मावतं, तर एक फुटाच्या हलक्या रानात जेमतेम ३०-४०. खोल रानात खरीप घेतलं की रब्बीची ही पुंजी तेच पिऊन टाकतं. जूनमध्येच चांगला पाऊस झाला तर मूग किंवा उडीद निघतो, पण ते दर साली जमत नाही. रान रिकामं ठेवायचं म्हणजे मोकाट सोडायचं नाही. पावसाळ्यात वखराच्या पाळ्या द्या, सारे (बांध घातलेले वाफे) पाडून पाणी जागीच जिरवा.

ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, दोन ओळींत ४५ सें.मी., हेक्टरी १० किलो बी. कोळपण्या तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. शेवटची दातेरी कोळप्याने, म्हणजे भेगा बुजतात आणि ओल उडत नाही.

ज्वारीचं वाण निवडण्याआधी दोन-तीन ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या. एकाच गटात वरच्या आणि खालच्या बांधाला खोली वेगळी निघते. ३० सें.मी.पर्यंत फुले अनुराधा, ६० सें.मी.पर्यंत फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, त्याहून खोल असेल तर फुले वसुधा. एका गटात दोन वाण पेरावे लागले तर पेरा.