पर्यटनाच्या पदवीवरचे आक्षेप

प्रवेशाचे दिवस आले की एक संदेश फिरू लागतो: पर्यटनाची पदवी घेऊ नका, तो मुळात विषयच नाही, हे काम अनुभवानं येतं, बुकिंग आता मोबाइलवर होतं, आणि एखादी साथ आली की नोकऱ्या जातात. हे वाचून मुलं आपला विचार बदलतात, म्हणून उत्तर द्यायला हवं.

विषयच नाही? स्वित्झर्लंडमध्ये बर्न आणि सेंट गॅलन इथे १९४१ साली पर्यटनाच्या अभ्यासासाठी संस्था निघाल्या. पर्यटन ही स्वतंत्र विद्याशाखा नव्हे, अनेक शाखांचं अभ्यासक्षेत्र आहे, असं पर्यटनाचे अभ्यासक जॉन ट्राइब यांनी १९९७ मध्ये मांडलं. मला ते पटतं. पण सार्वजनिक आरोग्य आणि नगररचनाही तशीच क्षेत्रं आहेत, आणि त्यांच्या पदव्या बंद करा असं कोणी म्हणत नाही.

अनुभवाचा मुद्दा जास्त वजनदार आहे. पाहुण्याशी कसं बोलावं, चिडलेल्या गटाला कसं सांभाळावं, हे वर्गात येत नाही, मान्य. पण फिलिपिन्सचं बोराकाय बेट २०१८ मध्ये सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवावं लागलं, कारण सांडपाणी समुद्रात जात होतं. त्याच वर्षी थायलंडनं माया बे हा खाडीतला किनारा बंद केला. तो २०२२ मध्ये उघडला, तेव्हा बोटींना खाडीत यायला मनाई झाली, बोटी लावायचा धक्का मागच्या बाजूला गेला. दोन्हीकडे अनुभवी हॉटेलवाले, नाववाले, गाइड कमी नव्हते. जो तो आपली खोली आणि आपली बोट भरत होता. किनारा किती माणसं पेलेल, पाणी किती लागेल, मैला कुठे जाईल, हा हिशेब एकट्यादुकट्या धंद्याच्या अनुभवातून उभा राहत नाही. त्यासाठी भूगोल, संख्याशास्त्र, कायदा आणि स्थानिक प्रशासन एकत्र शिकावं लागतं. पदवीची खरी गरज इथे आहे, आणि हा हिशेब करणाऱ्या माणसांच्या जागा अजून फार थोड्या ठिकाणी नीट भरल्या जातात याचं मला वाईट वाटतं.

मोबाइलवरच्या बुकिंगबद्दल थोडक्यात: ज्या अभ्यासक्रमात फक्त बुकिंग शिकवतात त्याला हा आक्षेप लागू आहे, बाकीच्यांना नाही. पर्यटनातून देशाला नेमकं किती मिळतं हे ॲप सांगत नाही. एकाच हॉटेलात पर्यटकही जेवतो आणि शेजारचा माणूसही. त्यातला पर्यटनाचा वाटा वेगळा काढण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानं २००० साली स्वतंत्र हिशेबपद्धत मंजूर केली. ती राबवायला शिकलेली माणसं लागतात.

साथीचं म्हणाल तर फटका प्रचंड होता. आंतरराष्ट्रीय पर्यटकांचा आकडा २०१९ च्या सुमारे १४६ कोटींवरून २०२० मध्ये ४० कोटींच्या आसपास आला. २०२४ पर्यंत तो जवळजवळ पूर्वपदावर गेला. तरीही हंगामी काम आणि सुरुवातीचा तुटपुंजा पगार या अडचणी खऱ्या आहेत. पदवी नोकरीची हमी देते असं मी म्हणणार नाही.

राग काढायचाच तर तो उच्च शिक्षणातल्या एका सवयीवर काढा: पर्यटन हॉटेल व्यवस्थापनाच्या विभागाला जोडायचं आणि बरेचसे क्रेडिट स्वागतकक्षाच्या कामावर खर्च करायचे. ते पदविकेचं काम आहे, आणि पदविकेत ते उत्तम शिकवता येतं. प्रवेश घेण्याआधी विषयांची यादी मागून घ्या. त्यात संख्याशास्त्र, पर्यावरण, नियोजन आणि प्रत्यक्ष एखाद्या ठिकाणचं क्षेत्रकार्य नसेल, तर तो अभ्यासक्रम सोडा. असेल, तर त्या संदेशाकडे दुर्लक्ष करून अर्ज भरा.