‘अर्धवट सोडते’ म्हणजे आळशी नव्हे

सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज तुम्हालाही आला असेल : ‘एडीएचडी हे मोबाईलने आणलेलं नवं फॅड. आवडीच्या कामात ही मंडळी बरोबर रमतात! सकाळी यादी करा, मन घट्ट करा, कामं होतात.’ मी ठाण्यात, चरईत राहते. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणारी, लहानपणापासूनची मेंदूची स्थिती. माझं तिचं निदान ३८व्या वर्षी झालं. हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही.

नवं म्हणाल, तर जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी लंडनच्या व्याख्यानांत अशा मुलांबद्दल १९०२ साली सांगितलं होतं. जुळ्यांवरच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के दिसतो. आणि मोबाईल? लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असणं ही निदानाची अटच आहे. माझ्या डॉक्टरांनी आईकडून चौथीचं प्रगतिपुस्तक मागवलं. बाईंचा शेरा होता : ‘हुशार आहे, पण हातातलं काम अर्धवट सोडते.’ तेव्हा आमच्या घरी साधा फोनही नव्हता.

आवडीच्या कामात रमतो, हे मात्र खरं. लक्ष कमी नसतंच. ते हवं तिकडे वळवणं आणि टिकवणं जमत नाही. काम नवं असेल किंवा मुदत डोक्यावर आली असेल, तर जमतं. अडतं ते शेवटच्या कंटाळवाण्या टप्प्यावर.

मागे एकदा इन्कम टॅक्सचा रिटर्न मी एका बैठकीत भरला. राहिला फक्त आधारचा ओटीपी टाकून ई-व्हेरिफाय करायचा. दोन मिनिटांचं काम! ३० दिवस उलटून गेले, की व्हेरिफाय केल्याची तारीख हीच रिटर्न भरल्याची तारीख धरतात. मला लेट फी बसली. यादी केली नव्हती असं नाही. यादीत ‘रिटर्न’ ही एक ओळ होती आणि ती मी त्याच रात्री खोडली होती. मन किती घट्ट करायचं, खोडलेल्या ओळीसाठी?

आता मी कामाचं नाव लिहीत नाही, त्याचं शेवटचं पाऊल लिहिते : ‘व्हेरिफाय झाल्याची पावती ह्यांना पाठवली.’ शिवाय रविवारी संध्याकाळी नेरुळच्या वहिनीला व्हिडिओ कॉल लावते. ती भाजी निवडते, मी कागद उरकते. बोलणं जवळजवळ नसतं. कुणीतरी समोर बसलेलं असणं मला पुरतं. सगळ्यांना हेच लागू पडेल असं नाही. काहींना औषधाने फरक पडतो, ते मानसोपचारतज्ज्ञांनी ठरवायचं.

यंदाचा रिटर्न त्याच कॉलवर भरला. ओटीपी टाकला तेव्हा वहिनीच्या परातीत मेथीची अर्धी जुडी शिल्लक होती.