ल्युटनचे २६ गुण

परवा एका जुन्या सहकाऱ्याशी गप्पा मारताना ल्युटन टाऊन या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचा विषय निघाला आणि तो सहज म्हणून गेला, "गोष्ट छान होती रे त्यांची, पण ती मंडळी एका वर्षाचीच पाहुणी होती." हे वाक्य मी वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकत आलो आहे. त्यात कौतुक असते, पण त्या कौतुकातच निकालही आधी लावून टाकलेला असतो: क्लब लहान, मैदान लहान, वर टिकणे शक्यच नव्हते, तेव्हा खाली गेले यात विशेष ते काय? २०२३-२४ च्या हंगामातले ल्युटनचे बहुतेक सामने मी पाहिले आहेत, काही दोनदा पाहिले आहेत, आणि माझे मत याच्या नेमके उलट आहे. ल्युटन प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत, टिकू शकत होते. ते थोडक्यात हुकले, आणि कोणत्या दिवशी हुकले हे तारखेनिशी सांगता येते.

या क्लबशी माझी ओळख २०१६ सालची. कामानिमित्त काही महिने इंग्लंडमध्ये मुक्काम होता आणि ऑफिसमधला एक सहकारी पोर्ट्समथचा कट्टर समर्थक होता. ल्युटन आणि पोर्ट्समथ हे दोन्ही क्लब तेव्हा चौथ्या श्रेणीत, म्हणजे लीग टूमध्ये खेळत होते. त्याच्यासोबत मी केनिलवर्थ रोडच्या मैदानावर पहिल्यांदा गेलो तो पाहुण्या संघाच्या दाराने. ओक रोडवर एकमेकांना खेटून उभी असलेली विटांची घरे आहेत आणि घरांच्या त्या रांगेतच स्टेडियमचे दार आहे. आत शिरले की लोखंडी जिना लागतो, आणि त्यावरून चढताना खाली लोकांची परसदारे दिसतात. एका परसात दोरीवर कपडे वाळत होते आणि खाली लहान मुलाची तीनचाकी सायकल आडवी पडली होती, हे मला आजही जसेच्या तसे आठवते. बरी पार्कचा हा परिसर दक्षिण आशियाई वस्तीचा असल्यामुळे मैदानाकडे चालत जाताना वाटेत मिठाईची दुकाने लागतात. १९०५ पासून हा क्लब याच जागी खेळतो आहे. मी पोर्ट्समथसाठी टाळ्या वाजवायला गेलो होतो आणि परत येताना ल्युटनचा झालो होतो.

त्यांना पाहुणे म्हणणाऱ्यांनी ते कुठून आले हेही पाहायला हवे. १९८८ मध्ये आर्सेनलला ३-२ असे हरवून लीग कप जिंकणारा हा क्लब १९९२ मध्ये पहिल्या श्रेणीतून खाली गेला, आणि त्याच वर्षी प्रीमियर लीग सुरू झाली. पैशाची गंगा वाहू लागली तेव्हा ल्युटन नेमके एक पायरी खाली उभे होते. पुढे क्लब कर्जात बुडाला आणि २००८-०९ च्या हंगामाची सुरुवातच उणे ३० गुणांनी झाली: आधीच्या कारभाऱ्यांच्या काळात एजंटांना नियमबाह्य पैसे दिल्याबद्दल १० गुण, आणि दिवाळखोरीतून बाहेर पडताना ठरलेली प्रक्रिया पूर्ण न झाल्याबद्दल २०. शिक्षा मात्र भोगली ती नुकताच क्लब हाती घेतलेल्या समर्थकांच्या गटाने. क्लब चार श्रेणींच्या लीगबाहेर फेकला गेला आणि पाच वर्षे तिथेच राहिला. तिथून २०१४, २०१८ आणि २०१९ मध्ये एकेक श्रेणी चढत २७ मे २०२३ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर बढतीच्या अंतिम सामन्यात कॉव्हेंट्रीला पेनल्टी शूटआऊटमध्ये ६-५ असे हरवून ल्युटन प्रीमियर लीगमध्ये पोहोचले. मध्यरक्षक पेली रडक म्पान्झू क्लब लीगबाहेर असताना दाखल झाला होता. एकाच क्लबसोबत तिथून थेट प्रीमियर लीगपर्यंत चढलेला तो पहिला खेळाडू आहे.

वर आल्यावर पहिली अडचण आली ती मैदानाचीच. जेमतेम १२ हजार प्रेक्षकांचे हे स्टेडियम प्रीमियर लीगच्या नियमांत बसवण्यासाठी सुमारे १ कोटी पौंड खर्च करावे लागले, आणि तरीही काम वेळेत पूर्ण न झाल्यामुळे बर्नलीविरुद्धचा घरचा पहिला सामना पुढे ढकलावा लागला. ब्रायटनमध्ये ४-१ असा पराभव, वेस्ट हॅमविरुद्ध घरी पराभव, अशी सुरुवात झाल्यावर इंग्लंडमधल्या पंडितांनी त्यांची तुलना इतिहासातल्या सर्वांत कमकुवत संघांशी सुरू केली होती. ३० सप्टेंबरला गुडिसन पार्कवर एव्हर्टनला २-१ असे हरवून त्यांनी पहिला विजय मिळवला, आणि त्यातला पहिला गोल होता कर्णधार टॉम लॉकयरचा. हा तोच लॉकयर, जो चार महिन्यांपूर्वी वेम्ब्लीच्या अंतिम सामन्यात सुरुवातीलाच कोसळला होता आणि हृदयावर शस्त्रक्रिया करून परत आला होता.

माझ्या मते या संघाची खरी ओळख पटली ती ५ डिसेंबरच्या रात्री, आर्सेनलविरुद्ध. आपल्याकडे सामना पावणेदोनला सुरू झाला. घरातले सगळे झोपले होते आणि मी टीव्हीचा आवाज बंद करून बसलो होतो. मध्यंतराला १-२ असे मागे असलेल्या ल्युटनने दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला कॉर्नरवरून इलायजा अडेबायोच्या हेडरने बरोबरी साधली, आणि ५७ व्या मिनिटाला रॉस बार्कलीने ३-२ केले. मी उभा राहिलो होतो आणि ओरडता येत नव्हते. हा बार्कली हस्तांतर शुल्काचा एक पेनीही न मोजता आलेला, अनेकांनी ज्याची कारकीर्द संपली असे ठरवून टाकले होते तो खेळाडू, आणि त्या रात्री मैदानाच्या मध्यभागी त्याच्याइतका शांत दुसरा कोणी नव्हता. काई हावर्ट्झने लगेच बरोबरी केली. तरीही शेवटच्या अर्ध्या तासात ल्युटन मागे सरून बसले नाही. पहाटे साडेतीन उलटून गेल्यावर, भरपाई वेळेच्या सातव्या मिनिटाला, डेक्लन राईसने हेडरने आर्सेनलचा चौथा गोल केला. या एका राईससाठी आर्सेनलने त्याच वर्षी १० कोटी पौंड मोजले होते आणि आणखी ५० लाख अटींवर देऊ केले होते. ल्युटनचा त्या हंगामातला संघबांधणीचा सगळा खर्च याच्या पासंगालाही पुरला नसता.

अशाच शेवटच्या क्षणांची मालिका त्या हंगामात होती. नोव्हेंबरमध्ये लिव्हरपूलविरुद्ध ताहिथ चाँगच्या गोलने ८० व्या मिनिटाला आघाडी मिळाली आणि ९५ व्या मिनिटाला लुईस डियाझने ती पुसली. वडिलांचे अपहरण झालेले असताना डियाझ त्या दिवशी मैदानात उतरला होता, त्यामुळे त्या गोलचा राग धरणे मला तरी जमले नाही. शेवटच्या दहा मिनिटांत पाय जड का होतात याचे उत्तर राखीव बाकावर मिळते. ताज्या दमाचे तीन आंतरराष्ट्रीय खेळाडू बदली म्हणून उतरवू शकणारा संघ आणि दुखापतींमुळे अकरा जण जुळवताना मेटाकुटीला येणारा संघ यांच्यातले अंतर पहिल्या तासात झाकता येते, शेवटी ते उघडे पडतेच.

१६ डिसेंबरबद्दल लिहिणे मला जड जाते. शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवत नाहीत. आपल्याकडे मात्र ते रात्री साडेआठला थेट दिसतात. बोर्नमथमध्ये १-१ अशी बरोबरी असताना, ५९ व्या मिनिटाला, आसपास कोणी नसताना लॉकयर खाली कोसळला. प्रशिक्षक रॉब एडवर्ड्स बाकावरून धावत मैदानात शिरलेले दिसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काय झाले असावे ते कळले. लॉकयरचे हृदय २ मिनिटे ४० सेकंद बंद पडले होते, हे पुढे त्यानेच सांगितले. तो वाचला, आणि त्यापुढे कोणत्याही गुणतालिकेला काही अर्थ नाही. सामना तिथेच थांबवण्यात आला. त्यानंतर आठवडाभरात, कर्णधार नसताना, ल्युटनने न्यूकॅसलला १-० असे हरवले आणि तीनच दिवसांनी शेफील्डमध्ये जाऊन ३-२ असा विजय मिळवला. या दोन सामन्यांतले धैर्य कोणत्याही आकड्यात मावत नाही, पण सहा गुण म्हणून ते तालिकेत मावले.

३० जानेवारीला ब्रायटनविरुद्ध अडेबायोने अवघ्या १८ सेकंदांत गोल केला, तीन मिनिटांच्या आत २-० झाले, अडेबायोची हॅटट्रिक झाली आणि सामना ४-० असा संपला. पहिल्या दिवशी ज्यांनी चार गोल चढवले होते त्यांनाच चार परत केले आणि ल्युटन रेलिगेशनच्या, म्हणजे तळाच्या तीन संघांना खाली पाठवणाऱ्या, रेषेच्या वर आले. चार दिवसांनी न्यूकॅसलमध्ये ४-२ अशा आघाडीनंतर ४-४ झाले.

आणि आता हिशोब. लोकांच्या लक्षात आर्सेनल आणि लिव्हरपूल राहतात. मला छळतात ते वेगळेच तीन सामने. पहिला ३ ऑक्टोबरचा, पुढे ढकललेला बर्नलीचा सामना: अडेबायोने ८४ व्या मिनिटाला बरोबरी केली आणि टाळ्यांचा आवाज विरायच्या आत, एका मिनिटात, बर्नलीने विजयी गोल केला. दुसरा १० फेब्रुवारीचा: तळाला असलेल्या शेफील्ड युनायटेडकडून घरच्या मैदानावर १-३. तो दिवस संपूर्ण हंगामातला सर्वांत वाईट खेळाचा होता आणि त्याला दुखापतींचे कारण देऊन चालणार नाही. तिसरा १३ मार्चचा, बोर्नमथचा थांबवलेला सामना पुन्हा खेळवला गेला तो: मध्यंतराला ३-० असे पुढे, आणि शेवटी ३-४. ल्युटनचे हंगामाअखेर २६ गुण झाले. १७ व्या क्रमांकावर वाचलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ३२. हे तीन सामने जिंकले असते तर ल्युटनचे ३५ झाले असते. तिन्ही प्रतिस्पर्धी आवाक्यातले होते आणि एकाही सामन्यासाठी दैवी चमत्काराची गरज नव्हती. वर टिकलेल्या एव्हर्टनने ४०, फॉरेस्टने ४९ आणि वुल्व्हजने ५० गोल केले. ल्युटनने ५२ केले. बुडवले ते खाल्लेल्या ८५ गोलांनी, आणि लॉकयरसह निम्मी बचावफळी दुखापतींनी बाहेर असताना त्यातले बरेच गोल झाले, हे सामने पाहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

त्या वर्षी बढती मिळालेले तिन्ही संघ खाली गेले. १९९७-९८ नंतर असे पहिल्यांदाच घडले, आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा घडले. या दोन हंगामांत वर आलेल्या सहा संघांचे गुण शेजारी मांडून पाहा: बर्नली २४, शेफील्ड युनायटेड १६, लीसेस्टर २५, इप्सविच २२, साउदॅम्प्टन १२, ल्युटन २६. चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, १०१ गुण मिळवून आलेली बर्नली यात आहे, २०१६ साली इंग्लंडचे विजेतेपद मिळवलेले लीसेस्टर यात आहे, आणि या सहांत सर्वाधिक गुण त्या संघाचे आहेत ज्याच्या मैदानात लोकांच्या घरांमधून शिरावे लागते. वरून खाली आलेल्या क्लबांना पॅराशूट पेमेंट म्हणून जी मोठी रक्कम मिळते, तिचा आधारही ल्युटनला वर चढताना नव्हता.

परवाच्या त्या सहकाऱ्याने यावर लगेच विचारले की मग २०२४-२५ चे काय. प्रश्न रास्त आहे. प्रीमियर लीगमधून आलेला पैसा हाताशी असूनही ल्युटन चॅम्पियनशिपमधूनही खाली गेले. ४९ गुण झाले, तेवढेच गुण असलेले हल सिटी गोलफरकावर वाचले, आणि शेवटच्या दिवशी वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडून ३-५ असा पराभव झाला. बार्कली गेला, आघाडीचा खेळाडू ओग्बेने गेला, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि जानेवारीत एडवर्ड्सही गेले. त्या वर्षीच्या कारभारावर मी कितीही टीका ऐकून घ्यायला तयार आहे, स्वतःही करतो. पण त्या अपयशाची सावली आधीच्या वर्षावर पाडू नका. २०२३ मध्ये क्लबच्या चालकांनी कर्ज काढून महागडे खेळाडू आणले नाहीत, कारण उणे ३० गुण म्हणजे काय असते ते याच लोकांनी भोगले होते. तो निर्णय मला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो.

शहराच्या मध्यभागी, पॉवर कोर्टच्या जागेवर, सुमारे २५ हजार प्रेक्षकांचे नवे स्टेडियम उभे करण्याच्या आराखड्याला डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे. ते उभे राहिले की ओक रोडचे ते दार कायमचे बंद होईल. त्याआधी एकदा ल्युटनला जायचे मी ठरवले आहे, सामना कोणत्याही श्रेणीतला असो. मागच्या वेळी पाहुण्यांच्या जिन्याने चढलो होतो. या वेळी यजमानांच्या बाजूचे तिकीट काढणार आहे.