द्राक्षांना मानवतो तो चढ

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात वाईनची प्रत ओळखायला जीभ लागत नाही, छातीचा भाता पुरतो. सायकल चालवताना श्वास नाकातून चालू असेल तर शेजारच्या मळ्यातली वाईन साधी. तोंड उघडावं लागलं की ती गावाच्या नावानं विकली जाणारी. घशाला कोरड पडली की त्याच्या वरची प्रत, प्रीमिए क्रू. आणि खाली उतरून, हँडलवर कपाळ टेकवून, देवाचं नाव घ्यायची पाळी आली की समजावं, सर्वांत वरच्या प्रतीचा, ग्राँ क्रूचा बांध आला.

यात माझं संशोधन काही नाही. तिथली प्रतवारीच मुळी उतारावर बसवलेली आहे. खाली सपाटीला माती जड, पाणी साचतं, तिथे साधी, नुसत्या प्रांताच्या नावाची ‘बूर्गोन्य’ वाईन. टेकडीच्या अगदी माथ्यावर माती इतकी उथळ की झाडी राखून सोडून दिलेली. या दोन्हींच्या मधला जो पट्टा, चुनखडीचा, निचऱ्याचा, पूर्वेच्या उन्हाला तोंड करून बसलेला, त्यात पिकतं ते सोनं. या उतारांचे १,२४७ तुकडे पाडलेत, प्रत्येकाला स्वतःचं नाव आहे, आणि २०१५ साली युनेस्कोनं ते सगळे जागतिक वारसा म्हणून जाहीर केलेत. माझ्या गुडघ्यांचा विचार त्या वेळी कुणी केला नसावा.

आमच्या ह्यांनीही केला नव्हता. निवृत्तीनंतर माणसं चारधामला जातात, ह्यांनी लायक्रा घेतली. पुणं सायकलींचं गाव होतं तेव्हापासून आपण सायकलवर आहोत, हे त्यांचं जुनं पालुपद. घरी दाखवलेल्या माहितीपत्रकात ‘सौम्य चढउतार, जुनी खेडी, द्राक्षमळ्यांतून निवांत सफर’ एवढंच होतं. फोटोतल्या बाईच्या सायकलला पुढे वेताची टोपली, टोपलीत लांब पाव. बाईचा एक पाय सगळ्या फोटोंत जमिनीवर. का, ते आता मला ठाऊक आहे.

बरोबर माझा धाकटा भाऊ बाळू. तासगावला त्याची द्राक्षबाग. एप्रिलची खरड छाटणी आटोपून जूनमध्ये तो जरा मोकळा असतो, म्हणून ह्यांनी त्याला ओढलं. त्याला सायकलीत काडीचा रस नव्हता. ‘दाजी, तितली बाग बघाय मिळणार का?’ एवढंच त्यानं विचारलं होतं. शेतात रोज पायपीट करणारा माणूस, त्यामुळे चढ त्याच्या लक्षातसुद्धा येत नसे. ह्यांना घड्याळातल्या नाडीच्या ठोक्यांचा अभिमान, बाळूला वेलींची उत्सुकता. दम लागणारी मी एकटी.

पोशाखाचं एकदा सांगून टाकते. या खेळात आत गादी शिवलेली तुमान घालतात. तिची उपयुक्तता मला मान्य आहे, पण ती घालून गावात हिंडणं हा वेगळा प्रसंग. मी वरून गुडघ्यापर्यंतचा कुर्ता चढवला. बोनच्या चौकात एका आजीबाईंनी कुर्त्याचं कापड चिमटीत धरून कौतुक केलं आणि खालच्या गादीकडे फार सभ्यपणे दुर्लक्ष केलं.

दिजोंहून निघून बोनला पोचलो तेव्हाच मी कामातून गेले होते. ह्यांनी विश्रांती म्हणून मला ओतेल-द्यू दाखवायला नेलं. निकोला रोलँ या बर्गंडीच्या चॅन्सेलरनं १४४३ साली गोरगरिबांसाठी स्थापन केलेलं हे रुग्णालय. अंगणात शिरलं की वर लाल-पिवळ्या-हिरव्या कौलांची नक्षी. मी मान वर केली नाही, कारण मान वर होत नव्हती. आत मोठं दालन, दोन्ही बाजूंना ओळीनं पलंग, लाल पडदे, पांढऱ्याशुभ्र चादरी. पूर्वी एकेका पलंगावर दोन-दोन रुग्ण झोपवत. मला तिसरी म्हणूनही चाललं असतं. पण रुग्ण घेणं त्यांनी १९७१ मध्येच थांबवलंय. लोकांनी या रुग्णालयाला पुण्यकर्म म्हणून मळे दान दिले, त्यांची वाईन १८५९ पासून दर नोव्हेंबरात लिलावात निघते, हे सगळं ह्यांनी मला पलंगापासून दोन हातांवर उभं करून ऐकवलं. पुढे दोरी बांधलेली होती.

बोनहून दक्षिणेला मळ्यांमधूनच एक सायकलवाट साँतनेपर्यंत जाते, सुमारे २२ किलोमीटर. नकाशावर हे अंतर हास्यास्पद दिसतं. पोमारपर्यंत मीही हसत होते. पोमार सोडलं की व्होल्नेचा चढ. व्होल्ने हे गाव टेकडीच्या कुशीत वर जाऊन बसलंय, आणि वाट गावाला टाळून जाण्याइतकी सुज्ञ नाही. मी सगळ्यात खालच्या गिअरवर, पाय भराभर फिरतायत, सायकल जागेवर. तेवढ्यात मागून सत्तरी ओलांडलेल्या दोन मैत्रिणी बॅटरीच्या सायकलींवर, ताठ बसून, आपसात गप्पा मारत आल्या. ‘बोंजूर! कुराज, मादाम!’ म्हणाल्या आणि गेल्या. बॅटरीची सायकल बोनमध्ये भाड्यानं मिळत होती. ह्यांनी ती ‘फसवणूक’ या सदरात टाकली होती.

वाट मळेवाल्यांचीही असते, म्हणून समोरून ट्रॅक्टर येतो. आणि तो ट्रॅक्टर म्हणजे उंच टांगांचं एक प्रकरण आहे. वेलींच्या ओळी जेमतेम मीटरभर अंतरानं, त्यामुळे तो ओळीवरून टांग टाकून चालतो, चाकं दोन्ही बाजूंच्या फटींतून आणि ड्रायव्हर वर माचाणावर. तो आला की सायकल गवतात घालून उभं राहायचं. बाळूला मात्र पर्वणी. पोटाखालून वेल जातोय हे दृश्य त्यानं वाकून, बसून, एकदा आडवं होऊन टिपलं, आणि तासगावच्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं.

वेलींवर मात्र तो नाराज होता. ‘आक्का, ही काय झाडं म्हनायची? कंबरंएवढी न्हाईत!’ आपल्याकडे मांडव, खाली माणूस उभा राहून घड विरळतो. इथे एकरी चार हजार झाडं, आपल्या चौपट, आणि प्रत्येकावर इवलेसे घड. त्यात ड्रिप नाही. नळी कुठेच दिसेना म्हणून त्यानं बुडाशी माती उकरून बघितली. पाणी द्यायला इथे नियमानंच आडकाठी आहे, वेलीनं मुळं खाली नेऊन स्वतःचं स्वतः बघायचं, असं ह्यांनी सांगितल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘आन बाटली कितीला म्हनालासा?’ आकडा ऐकून परत गप्प.

त्याची मरगळ गेली ती भिंतींपाशी. मळ्यांना कमरेइतक्या दगडी भिंती, मध्ये जुनी कमान, वर मालकाचं नाव. हे इतके बारके तुकडे का, याचं कारण निघालं वारसाहक्क. नेपोलियनच्या कायद्यानं सगळ्या मुलांना सारखा वाटा दिला आणि मळे चिरत गेले. उत्तरेकडचा क्लो द व्हूजो हा एकच मळा घ्या. पन्नास हेक्टर, भोवती एक भिंत आणि आत ऐंशीच्या आसपास मालक. कुणाच्या वाट्याला मोजक्या ओळी. बाळूचा चेहरा उजळला. ‘म्हंजे भाऊबंदकीच की!’ मग त्यानं भिंतीवर थाप मारली. ‘पर दगडी हाय. कोरायला येत न्हाई.’ आमच्या चुलत्यांनी कोरलेल्या बांधाची केस अजून चालू आहे, त्यामुळे हा शेरा तज्ज्ञाचा समजावा.

पाण्याचा प्रश्न वेलींनी सोडवला होता, मी सोडवलेला नव्हता. दुपारच्या उन्हात बाटली संपली, गावात चिटपाखरू नाही. हे अनुभवी सुरात म्हणाले, ‘दफनभूमीत चल.’ मला वाटलं, माझी अवस्था बघून म्हणताहेत. पण फ्रान्समध्ये दूरवर सायकल मारणारे हेच करतात. प्रत्येक गावाला दफनभूमी, आणि फुलांना पाणी घालायला तिथे नळ. ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नाही ना, तेवढं बघायचं. आम्ही संगमरवरी थडग्यांमध्ये बाटल्या भरत असताना सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मागचे क्रूस त्यांना स्पष्ट दिसले. ‘स्मशानातलं पाणी पिताय? आणि अंघोळी?’ अंघोळ घामानं सतत चालू आहे, असं मी सांगितलं.

मर्सोला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. तिथे नगरपालिकेवरही रंगीत कौलं आहेत, पण त्यांनी पोट भरत नाही. बारा ते दोन जेवण, दोनला स्वयंपाकघर बंद, हा नियम तिथे श्रद्धेनं पाळतात. एक ते चारची पुणेकरांना सवय आहे हो, पण आपल्याकडे त्या वेळात बंद असतं ते दुकान, खानावळ नव्हे. मालकीणबाईंनी घड्याळाकडे बोट दाखवून खरोखरचं दुःख व्यक्त केलं आणि दार लावलं. त्या दिवशी सोमवार, म्हणून पाववालाही बंद.

राहता राहिलं ह्यांचं चीज. एप्वास नावाचं, गोल लाकडी डबीतलं. द्राक्षाच्या चोथ्यापासून काढलेल्या दारूनं ते धूत धूत मुरवतात. ह्यांनी ते सकाळी घेऊन माझ्या कॅरिअरच्या पिशवीत ठेवलं होतं, कारण त्यांच्या पिशवीत पंक्चरचं सामान. जूनचं ऊन त्याला मानवलं असावं. पोमारपासूनच बाळू माझ्या मागून चालवायचं टाळत होता. अखेर म्हणाला, ‘दाजी, आक्काच्या पिशवीत काहीतरी मेलंय.’ डबी उघडल्यावर चीज डबीत नव्हतं, माझ्या रेनकोटवर होतं. शिळ्या पावाला लावून खाल्लं. चव, मला सांगायला राग येतो, फार छान होती.

प्युलिन्यीला एका तळघरात वाईन चाखायला बसलो. चाखायची आणि समोरच्या भांड्यात थुंकायची. बाळू हबकला. ‘पैसं द्यून थुकायचं?’ पण फ्रान्समध्ये रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम दारूची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे, हे कळल्यावर त्यानं दर तिसऱ्या घोटाला कायदा पाळला. मळ्याचा मालक त्याच्याच वयाचा. त्याच्या विजारीवर फिकट निळे डाग होते. बाळूनं डागांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘बोर्डो?’

मालक उडालाच. ‘बुई बोर्दलेज!’ म्हणजे आपलं बोर्डो मिश्रण, मोरचूद आणि चुन्याची फवारणी. तिकडे बोर्दोजवळच्या मेदोकमध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून हे शिंपडत असत. तेवढ्याच वेली डाऊनी या बुरशीतून वाचल्या, हे मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या नजरेत भरलं आणि १८८५ मध्ये त्यानं ते छापून जगाला दिलं. बर्गंडीत बोर्दोचं नाव सहसा कौतुकानं निघत नाही, फवारणीपुरती सूट असावी. पुढचा तासभर त्या दोघांना ना ह्यांच्या मोबाईलमधल्या भाषांतराची गरज पडली, ना आमची. बाळूनं मांडवाचे फोटो दाखवले. द्राक्षांखालून माणसं ताठ चालतायत हे बघून मालकानं बायकोला हाक मारली. पानाच्या मागच्या बाजूची बुरशी खाणाखुणांनी काढून झाली. पावसाला दोघांनी आपापल्या भाषेत शिव्या दिल्या. मी खुर्चीवर बसले होते, गादी नसलेल्या, स्थिर खुर्चीवर, आणि माझ्या लेखी हाच दौऱ्याचा सर्वोच्च बिंदू होता.

मोंराशेच्या प्रसिद्ध मळ्यापाशी, जेमतेम आठ हेक्टरांचा तो, मी नियमाप्रमाणे उतरून सायकल ढकलली. कपाळ हँडलला. ग्राँ क्रूच, शंका नको.

साँतनेच्या खाली कालवा लागला. कनाल द्यू साँत्र, काठानं झाडं, कडेची वाट पाण्याच्या पातळीत. पाणी चढ चढत नाही, हे मला शाळेत शिकवलं होतं, त्याचा खरा अर्थ तिथे लागला. मी पहिल्यांदा पुढे, हे मागे. ‘इथे काही व्ह्यूच नाही,’ हे कुरकुरत होते. बाळू एका हातानं सायकल चालवत, दुसऱ्या हातानं फोन कानाला लावून गड्याला फवारणी सांगत होता. मध्येच फोन बाजूला धरून ओरडला, ‘दाजी, हे सपाट कुठवर हाय?’

‘शालोंपर्यंत. पण चार-दोन दिवसांत आपण पश्चिमेला वळू, मर्क्युरेकडे. तिकडे मस्त चढ आहेत.’

‘तुम्ही दोघं जाऊन या,’ मी मागे न बघता म्हटलं. ‘मी शालोंला भाड्यानं खोली बघते.’