खुलासा: ‘मॅश’मधला तो धक्का
कोरियन युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरच्या ‘मॅश’ या अमेरिकी टीव्ही मालिकेत, रुग्णालयाचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल हेन्री ब्लेक याचं विमान पाडल्याची आणि तो गेल्याची बातमी येते. ती कलाकारांना थेट कॅमेऱ्यासमोरच कळली, असं सर्रास सांगितलं जातं. किस्सा झकास, पण अर्धाच खरा. १८ मार्च १९७५ला दाखवलेल्या या भागाच्या संहितेचं शेवटचं पान दडवून ठेवलं होतं खरं. मालिकेचा नायक अ‍ॅलन आल्डाला मात्र ते आधीच ठाऊक होतं. बाकीच्या मुख्य कलाकारांनीही शूटिंगआधी ते वाचलं. शिवाय प्रसंग दोनदा चित्रित झाला. आपण पाहतो तो दुसरा टेक: मास्क न लावताच ऑपरेशन थिएटरमध्ये आलेला रडार नावाचा कारकून निरोप वाचतो, सगळे गप्प, आणि कुणाच्या तरी हातून एक अवजार खणकन पडतं. ते पडणं तेवढं खरोखर अचानक होतं!