देव ‘फार जुना’ आहे असं नाही
देवाच्या अनादि-अनंत असण्यावरचा हा लेख चांगलाय, पण ‘सृष्टीच्या आधी देव काय करत होता’ हा प्रश्न लेखकाने तसाच सोडून दिला ते मला पटलं नाही कारण संत ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने इ.स. 400 च्या सुमारासच उत्तर दिलंय की काळ सुद्धा देवानेच निर्माण केला, मग त्याच्या ‘आधी’ असं काही उरतच नाही ना! इथे पुण्यात आमच्या पंचहौद चर्चमध्ये मयतीच्या वेळी बायबलमधलं स्तोत्र 90 वाचतात, त्यात माणसाचं आयुष्य 70, फार तर 80 वर्षं म्हटलंय आणि देवाला मात्र ‘अनादिकालापासून अनंतकालापर्यंत तूच देव आहेस’. घरातलं माणूस गेलेलं असताना हे ऐकलं की खरंच आधार वाटतो. लेखात हे स्तोत्र यायलाच हवं होतं.