'असाच उभा राहशील दिवसभर'

आज खूप संताप झालाय, म्हणून लिहितेय. बाल्टिमोर म्युझियम ऑफ आर्टला गेलो होतो, सोबत ओळखीतलं एक मराठी कुटुंब. फ्रेंच चित्रकार मॅटिसच्या 'ब्लू न्यूड'समोर, म्हणजे आडव्या पडलेल्या बाईच्या चित्रासमोर, फोटो काढून झाले आणि बाबा लेकाला म्हणतात, अभ्यास नाही केलास ना, तर असाच उभा राहशील दिवसभर. बोट कुणाकडे, तर कोपऱ्यातल्या गार्डकडे! मराठीत बोललं म्हणून काय झालं, रोखलेलं बोट कळत नाही का माणसाला?

मला चित्र बघायला एका गार्डनेच शिकवलंय. अमेरिकेत नवीन होते, कुणी ओळखीचं नाही, इथे तिकीट नाही म्हणून रविवारी येऊन बसायचे. याच चित्रापाशी एक उंच, चष्मेवाले काका असायचे. एकदा म्हणाले, चेहरा सोड, कमरेचं वळण बघ, आता मागचं पामचं झाड बघ. तेच वळण! 1907 चं चित्र, मी कितीतरी वेळा बघितलेलं, आणि मला ते दिसलंच नव्हतं.

पगार फार नसतो, मान्य. काही गार्ड कंटाळलेले असतात, तेही मान्य. पण आपण ज्याच्यासमोर दोन मिनिटं थांबतो त्याच्यासोबत हा माणूस आठ तास असतो, त्याला काही दिसत नसेल असं वाटतंच कसं आपल्याला? याच म्युझियमने 2022 मध्ये 17 गार्डना एक अख्खं प्रदर्शन ठरवायला दिलं होतं, कुठली चित्रं लावायची, कशी लावायची, सगळं त्यांनी. चित्रकार रॉबर्ट रायमन न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये गार्ड होता, आज त्याचीच चित्रं तिथे आहेत. आणि फक्त गार्डच नाही हो, आत गोदामात हातमोजे घालून एकेक फ्रेम उचलणारे, कागदावरची चित्रं उजेडाने फिकी पडतात म्हणून काही महिन्यांनी उतरवून परत अंधारात ठेवणारे, ही माणसं तर आपल्याला दिसतही नाहीत. भिंतीवरच्या पाटीवर 'ब्लू न्यूड' म्युझियमला देणाऱ्या कोन (Cone) बहिणींचं नाव आहे, असायलाच हवं, आयुष्यभर जमवलेलं सगळं देऊन टाकलं त्यांनी. पण बाकीच्यांचं?

त्या बाबांना मी तिथे काहीच बोलले नाही, याचा जास्त राग येतोय. मुलगा मात्र मान खाली घालून उभा होता, त्याला घेऊन चित्राजवळ गेले आणि कमर दाखवली, मग झाड. "अरे, सेम!" म्हणाला, जोरात.

निघताना आजच्या गार्डला काकांबद्दल विचारलं. उंच, चष्मा, हळू बोलायचे. तो म्हणाला, नाव काय त्यांचं?

मी कधी विचारलंच नव्हतं.